पुष्करच्या नावाने

‘कॉइल ०.१२ ओहमची झाली आहे. सेल जुन्या लॅपटॉपमधून काढलेली आहे. वरचे आवरण थोडे फाटले आहे. चालेल ना? कृपया कळवावे.’

हा मेसेज आला तेव्हा मी फुलंब्रीच्या पुढे, रस्त्याच्या कडेला ओढून ठेवलेल्या एका जळक्या टेम्पोखाली आडवा झालो होतो. आग कुठून लागली ते शोधून विमा कंपनीला कळवणं हे माझं काम. पाठीखाली खडी टोचत होती, डोळ्यांत काजळी जात होती. तशातच मी मोबाइल डोळ्यांसमोर धरला आणि मेसेज दोनदा वाचला. पाठवणाऱ्याचं नाव होतं पुष्कर फेगडे.

मी टेम्पोखालून बाहेर आलो, हातसुद्धा न पुसता लिहिलं, ‘अजिबात चालणार नाही. सेल बाहेर काढ. बटण दाबू नकोस.’

‘कारण कळेल का?’

आता हा प्रश्न दुसऱ्या कुणी विचारला असता तर मी शांतपणे उत्तर दिलं असतं. पण पुष्करने तो विचारावा? मला हे सगळं ज्याने शिकवलं तो पुष्कर!

वर्षा आणि मी वेगळे झालो त्या साली माझी सिगारेट हाताबाहेर गेली होती. मुलगी आईबरोबर पुण्याला गेली. औरंगाबादच्या फ्लॅटमध्ये मी, एक टीव्ही आणि रक्षापात्र. खोकून खोकून बरगड्या दुखायला लागल्या तेव्हा कुणीतरी व्हेपचं सुचवलं. तेव्हा त्यावर बंदी नव्हती. वाफ ओढायचं ते यंत्र घेतलं आणि ते वापरणाऱ्या मराठी लोकांच्या एका व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये शिरलो. तिथे पुष्कर भेटला. भुसावळचा, माझ्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी लहान, कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये नोकरीला. भेटला म्हणजे मोबाइलवरच. समोरासमोर आम्ही एकमेकांना कधी पाहिलं नाही.

मी हौसेने एक पितळी नळी विकत घेतली होती. त्या नळीत कसलंही सर्किट नसतं. एका टोकाला तारेची कॉइल, पोटात सेल, खाली बटण. बटण दाबलं की सेलची सगळी ताकद थेट तारेत. पुष्करने फोटो बघितला आणि लगेच फोन केला.

“जयवंतदादा, भागाकार येतो ना?” त्याने विचारलं होतं.

“येतो की.”

“मग एवढंच करायचं. पूर्ण चार्ज झालेली सेल चार पूर्णांक दोन व्होल्टची. त्याला कॉइलच्या ओहमने भागायचं. उत्तर येईल तेवढे अँपिअर सेलमधून ओढले जाणार. सेलला तेवढे झेपतात का, ते आधी बघायचं. ओहम जितका कमी तितका सेलवर भार जास्त. लोकांना उलटं वाटतं. अर्ध्या ओहमला साडेआठच्या आत, पाव ओहमला सतरा. आणि नवीन माणसाने एक ओहमच्या खाली उतरायचंच नाही. धूर कमी निघेल, पण बोटं दहाच्या दहा राहतील.”

असा तो होता. मेसेज लिहायचा ते घाईघाईत, अर्धे शब्द गाळून, वर तीन-चार हसरे चेहरे. ग्रुपमध्ये कुणीही नवीन आला की हा त्याच्या सेलची चौकशी करणार. सेलचं प्लॅस्टिकचं आवरण जरा टवकलेलं दिसलं तरी टाकून द्यायला लावणार. माझ्याशी मात्र तो त्यापलीकडेही बोलायचा. म्हणजे खरं तर मीच बोलायचो, तो ऐकायचा. मुलीने फोन घेतला नाही, वर्षाने अमुक म्हटलं, असलं सगळं मी त्याला लिहीत बसायचो. बाकी कुणाला लिहिणार होतो?

दिवाळीच्या सुमारास तो एकदम गप्प झाला. ग्रुपवर दोघा-तिघांनी विचारलं, ‘पुष्कर कुठे आहे?’ मीही विचारलं. बरेच दिवस काही नाही. मग एकदा उत्तर आलं, ‘आहे.’ नुसतं तेवढंच. त्यानंतर तो पुन्हा दिसायला लागला. पण काहीतरी बिनसलं होतं. हसरे चेहरे गेले. वाक्यं पूर्ण, विरामचिन्हांसकट यायला लागली. मला ‘दादा’ म्हणणारा पोरगा ‘आपण’ म्हणायला लागला. फोन केला की कट करायचा आणि लिहायचा, ‘आवाज नीट येत नाही. लिहून कळवावे.’ आणि प्रश्न विचारायचा. ओहम म्हणजे नक्की काय? तार जाड घेतली तर ओहम वाढतो की कमी होतो? वेढे किती घ्यावेत?

मला आधी वाटलं, तो माझी परीक्षा घेतोय. मग वाटलं, त्याच्या डोक्याला काही मार लागलाय का? आजारी आहे का? विचारलं तर ‘प्रकृती बरी आहे’ एवढंच. मी उत्तरं देत गेलो. खरं सांगायचं तर मला ते आवडत होतं. संध्याकाळी घरी आल्यावर कुणीतरी आपल्याला काही विचारतंय, एवढं पुरेसं होतं.

पण आजचं वेगळं होतं. चार पूर्णांक दोनला शून्य पूर्णांक बाराने भागलं की पस्तीस येतात. लॅपटॉपमधली जुनी सेल फार तर पाच अँपिअरची. त्यात आवरण फाटलेलं, म्हणजे पुष्करकडेही असलेल्या तशाच पितळी नळीला सेल आतून थेट चिकटायची शक्यता. जळक्या गाड्या बघण्यात माझी उमर गेली होती. अशा सेलचं काय होतं ते मला कुणी सांगायची गरज नव्हती.

मी फोन लावला. कट. पुन्हा लावला. कट. मग मेसेज आला, ‘थोडेसे दाबून पाहिले. धूर येतो आहे. नळी गरम होते, ते बरोबर आहे का?’

टेम्पोचा मालक बाजूलाच बसला होता. त्याला म्हटलं, “उरलेलं उद्या बघतो, एक माणूस अडचणीत आहे,” आणि समोरून आलेल्या जळगाव गाडीला हात केला.

गाडीत बसल्यावर लिहिलं, ‘सेल बाहेर काढ. घराबाहेर, फरशीवर ठेव. हात लावू नकोस.’ उत्तर आलं, ‘बरे.’ अजिंठ्याच्या घाटात रेंज गेली. पहूरला गाडी बदलली. जामनेरच्या रस्त्याला दोन्हीकडे केळीच्या बागा होत्या, खिडकीतून ऊन आत येत होतं आणि मी सारखा फोन बघत होतो. ‘बरे’च्या पुढे काही नव्हतं. शेजारच्या बाईंनी विचारलंसुद्धा, “घरी कोणी आजारी आहे का हो?” मी म्हटलं, “मित्र आहे.” म्हटलं खरं, पण त्याचा चेहराही मला माहीत नव्हता. त्याने ग्रुपवर कधी स्वतःचा फोटो टाकला नव्हता. टाकायचा ते कॉइलचे.

पत्ता मात्र होता. त्याने एकदा तारेचं रीळ कुरिअरने पाठवलं होतं, त्या पाकिटावरून मी तो फोनमध्ये उतरवून घेतला होता. स्टेशनच्या उत्तरेला, रेल्वेच्या निवृत्त लोकांनी बांधलेल्या घरांची एक कॉलनी. रिक्षावाल्याने बरोबर फाटकाशी सोडलं. बैठं घर, पुढे फरशीचं अंगण, प्लॅस्टिकचा निळा ड्रम आणि वाळत घातलेले दोनच कपडे.

दार उघडलं ते सत्तरीच्या पुढच्या एका गृहस्थांनी. उंच, ताठ, पांढऱ्या पायजम्यावर इस्त्रीचा शर्ट, वरच्या बटणापर्यंत लावलेला.

“पुष्कर आहे का? मी जयवंत. औरंगाबादहून आलोय.”

त्यांनी माझ्याकडे नीट बघून घेतलं. ओळखीच्या माणसाकडे बघावं तसं.

“या, भाऊ,” ते म्हणाले. “मी लीलाधर फेगडे. पुष्करचा बाप. बसा. पाणी देतो.”

“पाणी नको, काका. पुष्करला आधी बोलवा. त्याच्याजवळ एक सेल आहे, ती धोक्याची आहे. त्याने बाहेर ठेवली का?”

“बाहेर ठेवली होती,” ते जरा ओशाळून म्हणाले. “पण मग म्हटलं, एकदा शेवटचं बघू. आपलं काय चुकतंय ते कळायला पाहिजे ना. आत्ताच बसवली परत.”

त्यांनी पायजम्याच्या खिशातून ती पितळी नळी काढली आणि माझ्यासमोर धरली.

बटण अर्धवट आत अडकलेलं मला तिथूनच दिसलं. नळीच्या तळाच्या भोकांमधून एक बारीक, कडवट वास येत होता. तो वाफेचा नव्हता. त्यांनी नळी या हातातून त्या हातात घेतली, मग परत या हातात, भाजलेलं कणीस धरावं तशी.

“टाका ती!”

“काय?”

मी ती त्यांच्या हातातून हिसकावली. तळवा चर्रकन भाजला. उघड्या दारातून मी ती अंगणात भिरकावली आणि काकांना खांद्याला धरून भिंतीआड ओढलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग प्रेशर कुकरची शिट्टी अडकावी तसा फुसफुस आवाज, आणि फट्कन एक दणका. नळीचं टोपण उडून ड्रमवर आपटलं. ड्रमला भोक पडून पाण्याची धार लागली. फरशीवर नळी स्वतःभोवती गरगर फिरत होती, एका टोकातून ज्वाळा ओकत होती. करड्या धुराने अंगण भरून गेलं.

शेजारच्या गच्चीवरून एका बाईंनी हाक मारली, “काय झालं हो, फेगडेभाऊ?”

“काही नाही, ताई. फटाका होता,” काका ओरडून म्हणाले.

भीती ओसरली आणि मला संताप आला. मी कधी कुणा वडीलधाऱ्या माणसावर ओरडलो नव्हतो; त्या दिवशी ओरडलो.

“ही तुमच्या खिशात होती! खिशात! पुष्करला अक्कल आहे की नाही? असली वस्तू तो तुमच्या हातात देतोच कसा? कुठे आहे तो? बोलवा त्याला!”

लीलाधरकाका फरशीवरच्या काळ्या डागाकडे बघत होते.

“तो गेला, भाऊ,” ते म्हणाले. “दिवाळीच्या आधी. डेंग्यू झाला होता.”

ड्रममधून पाणी वाहत होतं. ते त्यांच्या पायांपर्यंत आलं तरी ते हलले नाहीत. मी बादली शोधली आणि धारेखाली लावली.

आत गेल्यावर त्यांनी माझ्या तळव्यावर गार पाणी ओतलं, कपाटातून मलम आणलं. चहा ठेवला. घर स्वच्छ होतं, फार स्वच्छ. बायको जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती, असं त्यांनीच पुढे सांगितलं. ते मालगाडीचे गार्ड होते. नोकरीभर आठवड्यातले चार-पाच दिवस गाडीच्या शेवटच्या डब्यात एकटे. पोरगा आजीकडे, मग होस्टेलला, मग नोकरीला लागून घरी आला तेव्हा हे निवृत्त होऊन बसलेले.

“मग एका घरात राहायला लागलो आम्ही,” ते म्हणाले. “तो त्याच्या खोलीत, मी इथं. जेवायला बसलो की टीव्ही लावायचा. मी म्हणायचो, ते इंजिनासारखं काय ओढतोस. तो म्हणायचा, सिगारेट तर सुटली ना. झालं. एवढंच बोलणं.”

“आणि मेसेज?” मी विचारलं. “इतके दिवस मी कोणाशी…”

“माझ्याशी.” त्यांनी कप खाली ठेवला. “तो गेल्यावर फोन वाजायचा. दिवसभर. उघडून बघितलं तर लोक विचारत होते, पुष्कर कुठे आहे, पुष्कर कुठे आहे. मी लिहायला बसलो की तो वारला म्हणून. अक्षरं शोधून शोधून लिहिलं पण. पाठवायचं बटण दाबवेना. पुसलं. परत लिहिलं. असं बरेच दिवस केलं, भाऊ. आणि मग एकदा लिहिलं, आहे. ते मात्र लगेच गेलं.”

बाहेर बादली भरून वाहायला लागली होती. मी उठणार, तर त्यांनी हाताने बसवलं.

“वाहू द्या. ते ‘आहे’ गेलं, तर लोकांनी काय काय लिहिलं! पुष्कर आला, पुष्कर, कुठे होतास, पुष्कर, घाबरवलंस. मी नुसतं वाचत बसलो. घरात त्याचं नाव कोणी घ्यायचं राहिलं नव्हतं ना. शेजारीपाजारी माझ्यासमोर मुद्दाम टाळायचे. आणि इथं तर दिवसभर पुष्कर, पुष्कर.”

“मग प्रश्न का विचारायचात?”

“लोक त्याला विचारायचे. ही सेल चालेल का, ती चालेल का. मला काय कळतंय? आणि गप्प बसलो तर पुन्हा म्हणणार, कुठे गेला. म्हणून शिकायला लागलो. तुम्हाला विचारायचं आणि तिकडे सांगायचं. पण नुसतं ऐकून सांगितलेलं कधी चुकेल, कोणाचा हात जाईल, म्हणून म्हटलं, स्वतः करून बघावं. त्याच्या चांगल्या सेली कुठल्या ते कळेना, मग लॅपटॉप उघडला.”

ते मान खाली घालून म्हणाले, “तुमचं सगळं वाचलं मी, भाऊ. मुलीचं, मंडळींचं. वाचायला नको होतं. पण त्याच्याशी कोण काय बोलायचं ते बघत होतो.”

मला राग यायला हवा होता. आला नाही. इतक्या दिवसांत माझं सगळं ऐकून घेणारं जगात आणखी एक माणूस होतं, एवढंच मनात आलं.

मग त्यांनी तो प्रश्न विचारला. विचारण्याआधी शर्टाची बाही सारखी केली, घसा खाकरला.

“फोनवर बोलायचात ना तुम्ही दोघं? तो माझ्याबद्दल काही म्हणायचा का?”

लिहिलेल्यात त्यांना काही सापडलं नव्हतं. त्यांनी शोधलं असणार, अगदी पहिल्या मेसेजपासून. आणि मी आठवायला लागलो. पुष्करचा आवाज आठवला, त्याचं हसणं, ‘बोटं दहाच्या दहा’ आठवलं. बापाबद्दल एक शब्द आठवेना. घरी कोण कोण असतं, हे मीही त्याला कधी विचारलं नव्हतं. पण रचून सांगायला किती वेळ लागतो? ‘बाबांची काळजी वाटते म्हणायचा.’ एवढं एक वाक्य. ते माझ्या ओठांपर्यंत आलं. त्यांनी मान किंचित पुढे केली होती, ऐकायला कमी येणाऱ्या माणसासारखी.

“नाही, काका,” मी म्हणालो. “कधीच काही म्हणाला नाही.”

मग त्यांनी सावकाश मान हलवली.

“म्हणजे वाईटही बोलला नाही,” ते म्हणाले.

“नाही. वाईट एक शब्द नाही.”

“बरं झालं खरं सांगितलंत. दुसऱ्या कोणी गोड सांगितलं असतं, तर मी रात्रंदिवस ते खरं की खोटं, हेच करत बसलो असतो.”

त्यांनी मला पुष्करची खोली दाखवली. पलंग, टेबल, टेबलावर दिवा, छोटे पकड-पाने, तारेची रिळं, कापूस. कोपऱ्यात त्याची चांगली यंत्रं एका डब्यात नीट ठेवलेली आणि सेली वेगळ्या प्लॅस्टिकच्या खोक्यात. काकांनी ते खोकं औषधांचं समजून उघडलंच नव्हतं.

“हे सगळं मी घेऊन जातो,” मी म्हणालो. “आणि ग्रुपवर सांगून टाकू. मी लिहितो, तुम्हाला लिहायला नको.”

“नको.” ते पटकन म्हणाले. मग हळू आवाजात, “आत्ता नको, भाऊ. मी सांगेन. पण आत्ता नको. हे नेलंत तर मी तिथे बोलू काय?”

आता मागे वळून बघताना वाटतं, दुसरा कुणी असता तर त्याने त्यांना समजावलं असतं, नातेवाइकांना फोन केले असते. मी टेबलाशी खुर्ची ओढली आणि त्यांना दुसरी आणायला सांगितली.

“ती नळी पुन्हा कधी हातात घ्यायची नाही,” मी म्हणालो. “हा चौकोनी डबा वापरायचा. याच्यात सर्किट आहे. ओहम फार कमी झाला, शॉर्ट झालं, तर हा स्वतःच बंद पडतो. तरीपण सेल चांगलीच हवी. हात लावून बघा, आवरण कसं आहे?”

“गुळगुळीत.”

“असंच पाहिजे. नखाएवढा जरी टवका दिसला तरी बाद. खिशात किल्ल्या-नाण्यांबरोबर सेल टाकायची नाही. आता ही तार. बारीक तार, जास्त वेढे, की ओहम जास्त. आपण एकच्या वर राहायचं.”

त्यांनी चष्मा पुसला आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या दांडीवर तार गुंडाळायला घेतली. हात मोठे, बोटं जाडजूड. पण घाई नव्हती. एकेक वेढा दुसऱ्याला चिकटवून घेत होते. मीटरवर लावलं तेव्हा आकडा आला एक पूर्णांक एक.

“भागाकार करा,” मी म्हणालो.

त्यांचे ओठ हलले. “चारच्या आत.”

“सेलला किती झेपतात?”

“वीस लिहिलंय.”

“मग?”

“मग काही धोका नाही,” ते म्हणाले, आणि मी आल्यापासून पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसले. त्यांनी बटण दाबलं. ते ओढत नव्हते, नुसतं हातात धरून होते. वाफेचा एक बारीक धागा वर चढला. बडीशेपेचा वास आला. पुष्कर स्वतःच मिसळायचा ते, निकोटीन नसलेलं. काकांनी खिडकी लावून घेतली.

संध्याकाळच्या गाडीने मी निघालो. तळवा ठसठसत होता. घरी पोहोचून दिवा लावला तेवढ्यात मेसेज आला. ‘पोहोचलात का?’ पुष्करच्या नावाने. मी बूट न काढता तसाच उभा राहिलो. काय लिहावं? काका लिहावं की…? शेवटी लिहिलं, ‘पोहोचलो.’ नाव घातलंच नाही.

त्यानंतर ते ग्रुपवर नेमाने दिसायचे. प्रश्न कमी झाले, उत्तरं वाढली. अमरावतीच्या कुणा नवीन मुलाने फाटक्या आवरणाच्या सेलचा फोटो टाकला तेव्हा माझ्याआधी पुष्करचं उत्तर आलं होतं, ‘ही सेल आजच टाकून द्यावी. माझ्या अंगणात एक फुटली आहे. ड्रमला भोक पडले. आपला हात ड्रमपेक्षा मऊ असतो.’ लोकांनी हसरे चेहरे पाठवले. कुणीतरी लिहिलं, ‘पुष्कर, तू हल्ली मास्तरांसारखा बोलतोस.’ आणि मी माझ्या फ्लॅटमध्ये, टीव्हीचा आवाज बंद करून, ते वाचत बसलो होतो. सगळ्या ग्रुपमध्ये फक्त मला माहीत होतं. ते ओझं वाटायचं असं म्हणणार नाही. पण कधी कधी ग्रुपवर त्याचं नाव दिसलं की पुष्कर खरंच आहे असं क्षणभर वाटायचं, आणि मग तो नव्याने जायचा.

आम्ही दोघं एकमेकांना वेगळं लिहायचो, पण तेही ओहम आणि सेलींबद्दलच. दुसरा विषय काढायचं धाडस दोघांनाही झालं नाही.

पुढल्या पावसाळ्याच्या शेवटी सरकारने व्हेपवर बंदी आणली. विकणं, आणणं, साठवणं, सगळंच बंद. ग्रुप चालवणाऱ्या मुलाने लिहिलं, की उद्या दुपारी ग्रुप बंद करतोय, ज्याला काय बोलायचं ते बोलून घ्या. लोकांनी निरोप दिले. बहुतेकांनी पुष्करचे आभार मानले. एकाने लिहिलं, ‘हा माझी सेल बघून मला ओरडला नसता तर आज माझं तोंड असं नसतं.’ दुसऱ्याने लिहिलं, ‘सिगारेट याच्यामुळे सुटली. भुसावळला आलो की भेटणार.’ पुष्करकडून काही नाही. दुपार झाली. सगळे एकेक करून बाहेर पडायला लागले. मीही बाहेर पडणार, एवढ्यात त्याच्या नावापुढे ‘लिहीत आहे’ दिसायला लागलं. थांबलं. पुन्हा दिसायला लागलं. किती तरी वेळ ते तसंच चाललं होतं.

मग मेसेज आला.

‘मी पुष्करचा बाप, लीलाधर फेगडे. पुष्कर मागच्या दिवाळीआधी वारला. हे मी तेव्हाच सांगायला पाहिजे होते. तुम्ही त्याला विचारत राहिलात, म्हणून तो माझ्या घरात जवळजवळ वर्षभर जास्त राहिला. तुम्हा सर्वांचा मी आभारी आहे. सेली जपून वापराव्यात. आता वापरूच नयेत.’

त्याखाली कुणी काही लिहिण्याआधी ग्रुप बंद झाला. तो मुलगा ठरल्या वेळी बटण दाबून मोकळा झाला होता, त्याने वाचलंही नसेल. किती जणांनी वाचलं, मला कधीच कळलं नाही.

मी फोन लावला. भुसावळहून परत आल्यापासून मी त्या नंबरवर फोन केला नव्हता. आता तो कट होईल असंच वाटत होतं. झाला नाही.

“बोला, भाऊ,” ते म्हणाले.

“वाचलं, काका.”

“हां. गेलं एकदाचं.” मागे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. “आता तुम्हाला विचारण्यासारखं माझ्याजवळ काही उरलं नाही बघा.”

आम्ही दोघं तसेच फोन कानाला लावून होतो. त्यांचा श्वास ऐकू येत होता, बहुधा माझाही त्यांना येत असेल. ठेवू का, असं दोघांपैकी कुणीही म्हटलं नाही.

मग काकांनी घसा खाकरला.

“मुलगी काय म्हणते तुमची?” त्यांनी विचारलं.

मी खुर्ची ओढली आणि सांगायला लागलो.